वार्धक्यातील श्रवणदोष आणि ग्रामसभेचे कर्तव्य

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव आज देशभर ओळखले जाते. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील हे गाव एके काळी उघड्या डोंगरांचे, कोरड्या विहिरींचे आणि पोटासाठी गाव सोडून जाणाऱ्या माणसांचे होते. १९७२ च्या दुष्काळाची झळ या भागातील घराघराला लागली होती. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आले आणि त्यानंतरच्या काळात गावाचे रूप पालटले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान या पंचसूत्रीचा गावाने अंगीकार केला. डोंगरउतारावर चर खोदले गेले, बंधारे बांधले गेले, झाडे जगविली गेली. दरवर्षी पडलेला पाऊस मोजावयाचा, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि त्यानुसार पिकांचे नियोजन करावयाचे, असा शिरस्ता तेथे पडला. या कार्याबद्दल २०२० मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

हे कार्य सर्वपरिचित आहे. मात्र त्यातील एका गोष्टीकडे येथे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. चर आणि बंधारे ही या परिवर्तनाची दृश्य साधने झाली. त्यांच्या आधीचे साधन होते ग्रामसभा. कोणते पीक घ्यावे येथपासून विवाहापूर्वी एच.आय.व्ही. तपासणी करावी येथपर्यंतचे निर्णय या गावाने एकत्र बसून घेतले. ग्रामसभेचे सारे कामकाज चालते ते बोलण्यावर आणि ऐकण्यावर. विषय वाचून दाखविला जातो, आकडे सांगितले जातात, कोणी शंका विचारतो, कोणी विरोध नोंदवितो, आणि मग हात वर होतात. ज्याला हे ऐकू आले नाही, तो सभेत बसलेला असूनही सभेबाहेरच राहतो.

१९७२ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. १९८९ नंतर टिकाव-फावडे घेऊन श्रमदानास उभी राहिलेली पिढी आज वार्धक्यात आली आहे. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठत असे, कोणता ओढा केव्हा आटला, हे ज्यांच्या स्मरणात आहे तीच ही माणसे होत. आणि श्रवणशक्ती क्षीण होण्याचे वयही नेमके हेच. हा प्रश्न एकट्या हिवरे बाजारचा नव्हे. तो राज्यातील प्रत्येक गावाचा आहे. परंतु जेथे ग्रामसभा मनापासून चालते, तेथे न ऐकू येण्याने काय गमावले जाते हे अधिक स्पष्ट दिसते. यास्तव या गावाचे उदाहरण समोर ठेवून हा विचार मांडला आहे.

ऐकू येते, पण समजत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष आहे, आणि सुमारे ४३ कोटी लोकांना त्यासाठी उपचार वा साधनांची गरज आहे. साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी एकचतुर्थांशाहून अधिक लोकांचा श्रवणदोष दैनंदिन व्यवहारात अडथळा आणण्याइतका असतो. म्हणजे कोणत्याही गावच्या पारावर चार वृद्ध बसले असतील, तर त्यांतील एकाला बोलणे नीट कळत नसण्याचा संभव आहे.

या दोषाचे स्वरूप समजून घेतल्यावाचून त्यावर उपाय करता येणार नाही. बाहेरील ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो, मधल्या कानातील तीन इवल्याशा हाडांमधून तो आत जातो आणि शंखाच्या आकाराच्या अंतःकर्णात पोहोचतो. तेथे सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या ध्वनिकंपनांचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात आणि मेंदू त्या संदेशाचा अर्थ लावतो. या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. अंतःकर्णाच्या प्रवेशापाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि वयोमानाने सामान्यतः त्याच प्रथम झिजतात.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. आपल्या भाषेतील स्वर खालच्या पट्टीचे, तर स, श, च, त, ठ, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीची आणि मुळातच क्षीण. वृद्धाला स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. ‘चांगली’ आणि ‘सांगली’, ‘पीक’ आणि ‘पीठ’, ‘सात’ आणि ‘साठ’ हे शब्द त्याला सारखेच भासतात. पाण्याच्या ताळेबंदात सात आणि साठ यांतील अंतर किती मोठे आहे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. अशी व्यक्ती म्हणते, “आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.” घरातील मंडळींना हे पटत नाही, कारण अंगणातील कुत्र्याचे भुंकणे तिला ऐकू आलेले त्यांनी पाहिलेले असते. मग “हवे तेव्हा बरोबर ऐकू येते” असा शेरा मारला जातो. हा शेरा अज्ञानातून आलेला असून अन्यायकारक आहे.

दुसरी एक विसंगती अशी की, हळू बोललेले ऐकू येत नाही म्हणून जवळचा माणूस ओरडला, तर तोच वृद्ध “ओरडता कशाला?” असे विचारतो. यात हेकटपणा नाही. दुबळ्या कानाला हळू आवाज पोहोचत नाही, तसा फार मोठा आवाज सोसतही नाही. ऐकू येणे आणि असह्य होणे या दोहोंमधील पट्टाच त्याच्यापुरता अरुंद झालेला असतो. कानीकपाळी ओरडणे हा बहिरेपणावरील उपाय नव्हे, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावयास हवे.

कारणे आणि टाळता येण्याजोगी हानी

वय हे एक कारण झाले. परंतु सारा दोष वयाच्या माथी मारणे योग्य नाही. मळणी यंत्र, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, दगड फोडण्याचे यंत्र यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे कान लवकर दुबळे होतात. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत लावल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती ही मर्यादा सहज ओलांडतात. आज त्यापुढे नाचणारा तरुण पन्नाशीतच ही किंमत मोजू लागतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांचाही श्रवणावर परिणाम होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी काही औषधे जीव वाचविणारी असली, तरी क्वचित कानांस अपाय करतात. औषध चालू असताना कमी ऐकू येऊ लागल्यास ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

काही कारणे तर अगदी सहज दूर होण्याजोगी असतात. कानात साठलेला घट्ट मळ हे वृद्धांमधील कमी ऐकू येण्याचे एक नित्याचे कारण आहे. तो आरोग्य केंद्रात काढून घेता येतो. आगकाडी, केसांचा आकडा किंवा काडीला गुंडाळलेला कापूस घालून तो काढण्याच्या प्रयत्नात मळ आत ढकलला जातो आणि प्रसंगी पडदा फाटतो. फुटलेल्या, वाहणाऱ्या कानात तेल ओतणे हे तर निश्चितच घातक होय. आणखी एक सूचना महत्त्वाची : एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ते वयोमानाचे लक्षण समजून थांबू नये. त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच परिणामकारक ठरू शकतात. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मौनाची किंमत

कमी ऐकू येणारी व्यक्ती प्रथम पुन्हा विचारते. दोन-तीनदा विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरील त्रासिक भाव तिला दिसतो. पुढे ती विचारणे सोडून देते आणि न समजताच मान डोलावू लागते. त्यानंतर ती पारावर जाणे कमी करते, कीर्तनास मागे बसते, सभेस जातच नाही. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच नकळत घडते. त्यांचे बोलणेचालणे घरापुरते असल्याने, आजीने बोलणे सोडले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली अर्धी गोळी पूर्ण घेतली जाते, दूरध्वनीवर आलेल्या फसव्या बोलण्यास होकार दिला जातो, मागून आलेल्या वाहनाचा भोंगा कळत नाही. मौनाची अशी किंमत मोजावी लागते.

श्रवणदोष व स्मृतिभ्रंश यांच्या संबंधावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये श्रवणदोषाचा समावेश तज्ज्ञांनी केला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींचे तीन वर्षे निरीक्षण केले गेले. सर्वांचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात विशेष फरक पडलेला दिसला नाही. परंतु ज्यांना असा ऱ्हास होण्याचा धोका मुळात अधिक होता, त्यांच्यात तो ४८ टक्क्यांनी मंदावला. श्रवणयंत्र हे स्मृतिभ्रंशावरील औषध आहे, असा याचा अर्थ नाही. मात्र ऐकणारा मेंदू कामात राहतो आणि कामात राहिलेल्या मेंदूचा लाभ होतो, एवढे म्हणता येईल.

तपासणी कशी व कोठे

पहिली चाचणी घरी किंवा शाळेच्या वर्गातही होऊ शकते. शांत खोलीत वृद्धाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे. त्याचा एक कान त्याला बोटाने झाकावयास सांगावा आणि दुसऱ्या बाजूने तीन अंक वा अक्षरे कुजबुजल्या स्वरात उच्चारावीत. दोनदा वेगवेगळे अंक सांगूनही निम्म्याहून अधिक सांगता आले नाहीत, तर पुढील तपासणी आवश्यक समजावी. मागे उभे राहण्याचे कारण इतकेच की, कमी ऐकू येणारी माणसे नकळत ओठांच्या हालचाली वाचीत असतात. आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांना ही पद्धत अर्ध्या तासात शिकविता येईल.

त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात कान तपासून मळ, जंतुसंसर्ग वा पडद्यास छिद्र आहे का, हे पाहिले जाते. पुढे जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात श्रवणमापन होते. कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलला ऐकू येतो, याचा जो आलेख निघतो, त्यावरून यंत्र ठरते. दुसऱ्याचे यंत्र उसने घेऊन वापरणे किंवा बाजारात मिळणारे आवाज मोठा करणारे साधन परस्पर विकत घेणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. तसेच मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात प्रशिक्षणाचे व सेवेचे कार्य करीत आहे.

यंत्र मिळाले, पुढे काय?

प्रस्तुत लेखकाचे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना श्रवणयंत्र घेऊन दिले. ते लावून आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी एका लग्नास नेले. भांड्यांचा खणखणाट, बँडचा आवाज आणि शेकडो माणसांचा गलका एकदम कानांवर कोसळला. घरी येताच त्यांनी यंत्र काढले, रुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवले, ते दोन वर्षे तेथेच राहिले. “म्हाताऱ्यांना नवीन वस्तू नकोच असते,” असे आम्ही म्हणत राहिलो. पुढे एका श्रवणतज्ज्ञाने दाखवून दिले की, कानातील साचा सैल होता, आणि यंत्राची सवय लावण्याची रीत आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. साचा बदलला. रोज सकाळी एक तास घरातल्या घरात यंत्र लावावयाचे आणि नातवाने वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचे, असा क्रम सुरू झाला. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, “माझ्या चपला एवढा आवाज केव्हापासून करतात?” आपल्याच पावलांचा आवाज ते कित्येक वर्षांनी ऐकत होते. दोष वडिलांचा नव्हता. तो आमच्या घाईचा होता.

हा अनुभव अनेक घरांतील आहे. श्रवणयंत्र म्हणजे मायक्रोफोन, आवाज वाढविणारे मंडल, कानात ध्वनी सोडणारा भाग आणि सेल असे छोटे उपकरण. खिशात ठेवून तारेने कानास जोडावयाचे, कानामागे बसणारे आणि कानात मावणारे असे त्याचे प्रकार आहेत. आजची अंकीय यंत्रे श्रवणालेखानुसार ज्या पट्टीचा आवाज कमी ऐकू येतो तोच अधिक वाढवितात. तथापि चष्मा लावताच अक्षर स्पष्ट दिसते, तसे येथे होत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात आणि त्यास काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

म्हणून सुरुवातीस शांत खोलीत तास-दोन तास यंत्र लावावे आणि एका वेळी एकाच व्यक्तीशी बोलावे. मग घरातील चारजणांत, पुढे अंगणात, आणि शेवटी बाजारात व सभेत ते लावावे. यंत्र शिट्टी वाजवू लागल्यास साचा सैल आहे किंवा नीट बसलेला नाही असे समजावे. कानात मळ साचल्यानेही शिट्टी येते. लाल खूण उजव्या कानाची व निळी डाव्या कानाची. बटण सेलवरील रंगीत चिकटपट्टी काढताच हवेच्या संपर्काने तो कार्य करू लागतो व वापर नसला तरी संपत जातो. म्हणून गरज पडेल तेव्हाच ती काढावी आणि मिनिटभर थांबून सेल बसवावा. रात्री यंत्र काढून सेलचे झाकण उघडे ठेवावे. अंघोळीच्या वेळी ते काढावे. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे. साच्याचे छिद्र स्वच्छ ठेवावे. सेल कोठे मिळतो आणि बिघाड झाल्यास कोठे जावयाचे, हे यंत्र देतानाच कुटुंबास लिहून दिले पाहिजे. शिबिरात वाटलेले यंत्र केवळ सेलअभावी बंद पडावे, हे त्या खर्चाचे व्यर्थ जाणे होय.

शासकीय साहाय्य

केंद्र शासनाने १ एप्रिल २०१७ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना चष्मा, काठी, कवळी यांच्याबरोबरच श्रवणयंत्र देण्याची तरतूद आहे. कानपूर येथील ‘अलिम्को’ या सार्वजनिक उपक्रमामार्फत तिची अंमलबजावणी होते. राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेनुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींना साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपयांपर्यंतची रक्कम थेट बँक खात्यात देण्याचे ठरले. चांगल्या अंकीय यंत्राची किंमत याहून बरीच अधिक असते. त्यामुळे उर्वरित भार कसा उचलावयाचा, याचा विचार कुटुंब व ग्रामपंचायत यांनी मिळून करावयास हवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो, हेही येथे स्मरणात ठेवावे.

अधिकाऱ्यांनी एक भेद नीट ओळखावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलपर्यंत ऱ्हास असल्यास व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’ आणि ७० डेसिबल झाल्यास ‘बधिर’ गणली जाते. ज्याचा ऱ्हास ४५ डेसिबल आहे, त्याला हे प्रमाणपत्र मिळणार नाही. पण सभेतील चर्चा त्याला कळणारही नाही. वयोश्री योजनांचा पाया वय व उत्पन्न हा आहे. “प्रमाणपत्र आणा, मग पाहू,” असे सांगून अशा वृद्धास परत पाठविणे हे योजनांच्या हेतूस धरून होणार नाही.

ग्रामसभेने काय करावे

यंत्र व्यक्तीला मिळते, परंतु ऐकण्याजोगे वातावरण गावाला निर्माण करावे लागते. त्यास खर्च थोडा आणि सवय अधिक लागते. सभेत पुढील दोन रांगा ज्येष्ठांसाठी राखाव्यात. वक्त्याच्या तोंडावर उजेड असावा आणि त्याने सभेकडे तोंड करूनच बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो; तेथे ध्वनिक्षेपक मोठा करण्यापेक्षा बोलण्याचा वेग कमी करणे अधिक उपयोगी पडते. ठराव आणि विशेषतः आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. गावच्या शाळेतील मुलांकडून हे काम आनंदाने करून घेता येईल. न समजल्यास पुन्हा तेच शब्द ओरडण्याऐवजी वाक्य बदलून सांगावे.

१ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेला ज्येष्ठ नागरिक दिन आहे, आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पहिल्या दिवशी साठ वर्षांवरील सर्वांची कुजबुज-चाचणी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी किती जणांना पुढील तपासणीस पाठवावयाचे, त्यांच्यासोबत कोण जाणार व वाहनाची सोय काय, हे सभेपुढे ठेवावे. ३ मार्च या जागतिक श्रवण दिनी, पाच महिन्यांनंतर, किती यंत्रे मिळाली यापेक्षा किती यंत्रे वापरात आहेत, याचा आढावा घ्यावा. पडलेला पाऊस मोजून त्याचा हिशेब सर्वांपुढे मांडण्याची रीत ज्या जिल्ह्यातील एका गावाने घालून दिली, त्या जिल्ह्यात हा हिशेब कोणालाही अवघड वाटू नये.

चष्मा लावणाऱ्यास आज कोणी हसत नाही. श्रवणयंत्राच्या बाबतीतही तसेच होण्यास फार काळ लागू नये. सरपंच वा मुख्याध्यापक यांच्यापैकी ज्यांना गरज आहे त्यांनी ते उघडपणे लावले, तर गावातील इतरांचा संकोच आपोआप कमी होईल.

आपल्याकडे सभेच्या आरंभी वक्ता विचारतो, “मागे ऐकू येते ना?” पुढे बसलेले “हो” म्हणतात आणि कामकाज सुरू होते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानांवर हा प्रश्नही पडलेला नसतो. पुढील ग्रामसभेच्या वेळी ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने व्यासपीठावरून उतरून शेवटच्या रांगेपर्यंत जावे आणि तेथे बसलेल्या वृद्धाजवळ, त्याच्या समोर बसून, हा प्रश्न विचारावा. कार्यास प्रारंभ करण्यासाठी एवढे पुरेसे आहे.